लेकीने सांताला पत्र लिहिलंय, पण ती नुसती यादी झालीय. कशी मदत करू?

कॉलेजरोडची_आई

लेक तिसरीत आहे. शाळेने सांगितलंय की नाताळच्या सुट्टीआधी प्रत्येकाने सांताला पत्र लिहून आणायचं, ती सगळी वर्गातल्या बोर्डावर लावणार आहेत. काल जेवणं झाल्यावर बाईसाहेब बसल्या आणि अर्ध्या तासात पान भरलं. वाचलं तर चौदा वस्तू! एक ते चौदा आकडे घालून, किराण्याची यादी करतात तशा. सातवी मागणी 'स्लाइमचा मोठा डबा', अकरावी 'अजून एक स्लाइम, निळाच पाहिजे'. वर 'डिअर सांता', खाली नाव आणि पूर्ण पत्ता, त्यात 'लिफ्टने तिसरा मजला' हेसुद्धा.

मी बोलून गेले, "अगं हे काय पत्र आहे का? जरा विचार करून लिही." तिने सरळ विचारलं, "विचार करून म्हणजे काय लिहू?" आणि मला काही सांगता येईना. मग तोंडातून निघालं, "गरीब मुलांसाठी पण काहीतरी माग." तिने निमूटपणे पंधरावा आकडा घातला आणि लिहिलं, 'गरीब मुलांना पण दे.' ते वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

शुक्रवारी पत्र द्यायचं आहे. मुलांचं मागणं त्यांच्या मनातून यावं आणि तरी त्यात थोडा विचार असावा, यासाठी आपण नेमकं काय करायचं? तुमच्याकडे कसं केलंत ते सांगा.

पंचवटीकर

मुळात सांता कशाला? महिना-दीड महिन्यापूर्वी दिवाळी झाली. तेव्हा आजी-आजोबांना, मामाला, आत्याला पत्र लिहा असं कोणत्या शाळेने सांगितलं? आम्ही लहानपणी गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर, जायचो, दिवा सोडायचो आणि काय मागायचं ते मनातल्या मनात मागायचो. कोणी बोर्डावर लावलं नाही. ताई, राग मानू नका, पण पोरांच्या हातात यादी आपणच देतो आणि मग यादी झाली म्हणून रडतो.

रानजाई

पंधरावा आकडा वाचून कसंतरीच झालं. आमच्याकडे गेल्या वर्षी डिट्टो हेच. 'जगात शांती दे', आणि त्याच्या वरच्या ओळीत बंदूक.

निफाडची_मास्तरीण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडे सांता येत नाही, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांना एक पत्र लिहायला लावते. कोणालाही लिहा आणि जे हवंय ते मागा. पहिल्या वर्षी माझीही फजिती झाली. चौतीस मुलांनी चौतीस सायकली मागितल्या, कारण पहिल्या बाकावरच्या मुलाने ती मोठ्याने वाचून मागितली होती.

तेव्हापासून मी पत्राच्या आदल्या दिवशी पेन्सिल हातात देतच नाही. नुसत्या गप्पा. झाडाखाली बसायचं आणि साधे प्रश्न विचारायचे. या वर्षी पोट दुखेपर्यंत कधी हसलात? घरात कोण कशाने वैतागतं? तुमच्याजवळचं काय मोडलंय, काय हरवलंय? कोणाशी भांडण झालंय आणि अजून मिटलेलं नाही? उत्तरं फळ्यावर लिहायची नाहीत, नाहीतर सगळे तीच उतरवतात.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. 'तुला हे का हवंय?' असं मुलांना विचारू नका. 'का' म्हटलं की त्यांना वाटतं आपण नाही म्हणणार आहोत, मग ती वकिली करायला लागतात. त्याऐवजी विचारा, 'मिळाल्यावर सगळ्यात आधी काय करशील?' मग खरी गोष्ट बाहेर येते.

एका मुलीने पावसाला पत्र लिहिलं होतं. बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी आला की काय होतं हे इथल्या पोरांना पाठ असतं. तिचं पत्र मी जपून ठेवलंय, तसंच्या तसं देते :

'प्रिय पाऊस, तू जूनमध्ये ये. आता येऊ नको. तू आला की पप्पा रात्री टॅक्टर काढतात फवारायला. मी जागी राहते. टॅक्टरचा आवाज बंद झाला की दहा मिनटांनी पप्पा येतात. एकदा दहा मिनटांनी आले नाही तर मी मम्मीला उठवलं. ते हौदावर हातपाय धूत होते. तर तू येऊ नको. आला तर दिवसा ये.'

यात 'विचार करून लिही' असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. शेवटची ओळ बघा, 'आला तर दिवसा ये'. पावसाशी तडजोड करतेय ती.

रानजाई

दहा मिनटांनी. बाई, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले.

अंबड_ते_आयटी

आम्ही तीनचा नियम केलाय. एक मागणी स्वतःसाठी, एक घरासाठी, एक घराबाहेरच्या कोणासाठी. तीनपेक्षा जास्त नाही. दोन्ही मुलांना सोपं जातं आणि यादी आपोआप आटोक्यात येते.

निफाडची_मास्तरीण

@अंबड_ते_आयटी, घरात दोन मुलं असतील तर चालेल. वर्गात हा साचा दिला की तिसरी मागणी सगळ्यांची एकच येते : झाडं लावा किंवा गरिबांना कपडे. वर ताईंचा पंधरावा आकडा आहे ना, त्याच जातीची. 'घराबाहेरचं कोणीतरी' म्हटलं की मुलाच्या डोळ्यांसमोर कोणीच येत नाही. 'व्हॅनवाले काका' म्हटलं की काकांची शिटी आठवते, ते कुठे बसतात ते आठवतं.

अंबड_ते_आयटी

हे पटलं. पण आकड्याची मर्यादा हवीच, नाहीतर चौदाच्या चोवीस होतील. माझा मुलगा तीन मागण्यांत 'आणि' घालून सात बसवतो, तो भाग वेगळा.

शरणपूरकर

पंचवटीकर, तुमचं म्हणणं मला उलट बाजूने पटतं. आमच्या घरी पाच पिढ्या नाताळ होतोय आणि आमच्याकडेही सांताचं एवढं प्रस्थ कधी नव्हतं. लाल कपड्यांतला तो आजोबा मूळचा मायराचा बिशप संत निकोलस, चौथ्या शतकातला. त्याचा सण ६ डिसेंबरला. हॉलंडमधली मुलं ५ डिसेंबरच्या संध्याकाळी त्याची वाट बघतात, स्पेनमधली मुलं बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांना पत्र लिहितात आणि ६ जानेवारीची वाट बघतात. म्हणजे मागण्याचं पत्र जगभर आहे, ते कोणाला लिहायचं हे घराघरावर आहे.

आमच्या घरी ते बाळ येशूला लिहायचं असतं. डिसेंबर लागला की आम्ही गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडायला घेतो. गवत, माती, पुठ्ठ्याची मेंढरं. पत्र घडी करून गवताखाली सरकवायचं. माझ्या आजोबांचा एक दंडक होता, तो मी माझ्या मुलांना लावला आहे : मागायच्या आधी काय मिळालं ते लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी आपण काय देणार ते लिहायचं. 'देणार' मध्ये पैसे लागणारी गोष्ट चालायची नाही. मी सहा वर्षांचा असताना लिहिलं होतं, 'मी रोज आज्जीच्या सुईत दोरा ओवून देईन.' ते मला पुढची कितीतरी वर्षं करावं लागलं, कारण आजीने पत्र वाचलं होतं.

आणि आमचा फराळ तुमच्या दिवाळीसारखाच असतो, करंज्या, शंकरपाळे, चकल्या. शेजारी ताटं न्यायची मुलांनी. ताट घेऊन जिना चढताना त्यांना कळतं की कोणाच्या घरी कोण एकटं आहे, कोणाला दात नाहीत म्हणून चकली नको, करंजी द्यायची. हे कळलं की पत्रात उतरतं. आपण शिकवावं लागत नाही.

पंचवटीकर

@शरणपूरकर, सुईत दोरा! आमच्या आजीचं तेच काम माझ्याकडे होतं. माझा मुद्दा थोडा मागे घेतो. सांता असो की कोणी असो, देण्याची ओळ पत्रात पाहिजे, हे एकदम मान्य. आणि करंजीला यायचंय, कधी येऊ सांगा.

शरणपूरकर

२५ ला दुपारनंतर कधीही. त्याआधी आलात तर लाटायला बसावं लागेल.

कॉलेजरोडची_आई

किती छान लिहिताय सगळे. मास्तरीणबाई, तुमचा प्रश्न आज व्हॅनमधून उतरल्यावर घरी येता येता विचारला. काय झालं ते सांगते.

म्हटलं, "निळं स्लाइम मिळालं की सगळ्यात आधी काय करशील?" ती म्हणाली, "देऊन टाकीन." मी थांबलेच. मग हळूहळू बाहेर आलं. दिवाळीच्या आधी तिने व्हॅनमध्ये मैत्रिणीचं निळं स्लाइम बघायला घेतलं होतं. झाकण नीट लागलं नाही आणि ते सीटखाली सांडलं. मैत्रीण रडली. व्हॅनवाले काका ओरडले, तेही त्या मैत्रिणीलाच, कारण डबा तिचा होता. ही गप्प बसली. दोन महिने झाले, घरात एका अक्षराने सांगितलेलं नाही. मैत्रीण आता पुढच्या सीटवर बसते.

मी त्या अकराव्या ओळीला हावरटपणा म्हणत होते.

रानजाई

अहो!!

निफाडची_मास्तरीण

मग पत्र तर यादीतच होतं. तीच ओळ मोठी करायला सांगा, बाकी चौदा राहू देत की जाऊ देत, तिचं ती बघेल. आणि मैत्रिणीला ते स्लाइम सांताकडून मिळू देऊ नका, हिच्याच हातून मिळू द्या. एवढं मात्र आईचं काम.

गोदाकाठ

इथे एक मुद्दा कोणीच काढला नाही. हे पत्र बोर्डावर लागणार आहे ना? मग व्हॅनमधली गोष्ट ती त्यात कशी लिहील? चाळीस मुलं वाचणार, ती मैत्रीणही वाचणार. बोर्डावर लागणार हे माहीत असलं की मूल बोर्डासाठीच लिहितं. मोठी माणसंही तेच करतात.

माझ्या भाचीच्या शाळेत (नाव घेत नाही) दोन वर्षांपूर्वी याच्याही पुढचा प्रकार झाला. पत्रं बोर्डावर लावली आणि पालकांना सांगितलं की पत्रातली वस्तू बांधून शाळेत गुपचूप पाठवा, सांता सगळ्यांसमोर वाटेल. कोणाची रिमोटची मोठी गाडी आली, कोणाचं रंगपेटीचं छोटं पुडकं. एका मुलाच्या घरून काहीच आलं नाही. बाईंनी ऐनवेळी कपाटातून कंपासपेटी काढून दिली. त्या मुलाने पत्रात फुटबॉल मागितला होता आणि ते पत्र मागे बोर्डावर होतं. भाचीने घरी येऊन विचारलं, "सांताला त्याचं अक्षर कळलं नाही का?" मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

ताई, शाळेत जाऊन बोला. पत्रं बंद पाकिटात घ्या म्हणावं. बोर्डावर पाकिटं लावा, वर चित्र काढू द्या, बोर्ड तेवढाच सुंदर दिसेल.

कॉलेजरोडची_आई

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या सोडायला जाते तेव्हा वर्गशिक्षिकांशी बोलते.

सिडको_ते_टोरांटो

मी सिडकोची, गेली नऊ वर्षं कॅनडात. इथे पोस्टखातंच सांताच्या नावाने मुलांना उत्तरं पाठवतं. पत्ता 'सांता क्लॉज, नॉर्थ पोल' आणि त्यापुढे पिनकोड. तो इंग्रजीत एच-शून्य-एच, शून्य-एच-शून्य असा आहे, म्हणजे वाचताना हो हो हो! इथल्या इथे टाकायला तिकीटही लागत नाही. पोस्टातले कर्मचारी आणि निवृत्त झालेले लोक हौसेने उत्तरं लिहितात. अमेरिकेतही १९१२ पासून तिथल्या पोस्टाने सांताच्या नावाने आलेली पत्रं लोकांना उघडून उत्तर द्यायची परवानगी दिली आणि ते अजून चालू आहे.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. माझ्या मुलाने पहिल्या वर्षी यादी पाठवली, उत्तर आलं ते छापील आणि गोड, पण कोणालाही चालेल असं. दुसऱ्या वर्षी त्याने लिहिलं की आमच्या बाल्कनीत एक खार येते, तिची शेपटी अर्धी तुटलेली आहे, तिला थंडी वाजत असेल का? त्या वर्षी उत्तराच्या खाली हाताने एक ओळ होती, खारीला नमस्कार सांग अशी. तो ती ओळ सगळ्यांना दाखवत फिरला. त्याला तेव्हा कळलं की समोरचा माणूस वाचतो. नंतरची पत्रं आपोआप बदलली.

मेनरोडची_सून

उत्तरावरून. गेल्या वर्षी मीच सांता होऊन उत्तर लिहिलं, डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. चिरंजीव वाचत वाचत 'सगळ्यांवर माझं डोळ्यात तेल घालून लक्ष असतं' इथे आले आणि म्हणाले, "आई, सांताचा ळ तुझ्यासारखाच आहे." मी म्हटलं, मराठी माझ्याकडूनच शिकलाय तो.

रानजाई

ळ ने घात केला 😄

तपोवन

शुद्धलेखनाचं काय करता? मला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की हात शिवशिवतात.

मेनरोडची_सून

अजिबात हात लावायचा नाही. पत्र आहे ते, परीक्षा नव्हे.

निफाडची_मास्तरीण

मी मधला रस्ता धरते. मुलाने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही. पण पत्त्यात चूक चालणार नाही, तिथे मी बसवून दुरुस्त करून घेते, कारण तिथली चूक पत्राला भोवते. वर 'टॅक्टर' तसाच ठेवलाय बघा. ट्रॅक्टर केला असता तर तो तिच्या पप्पांचा राहिला नसता.

प्रेसवाले_आजोबा

मंडळी, मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो, त्यामुळे पत्राचा विषय निघाला की राहवत नाही. आपल्या देशाची तिकिटं आधी लंडनहून छापून यायची. १९२५ साली नाशिकरोडला प्रेस सुरू झाली तेव्हापासून इथे छापायला लागली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं, वर 'जय हिंद', किंमत साडेतीन आणे, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं, तेही इथलंच. आणि या गावच्या पोरांना तिकीट कुठे चिकटवायचं हे माहीत नाही. माझ्या नातवाने ते पाकिटाच्या मागे, जिथे आपण बंद करतो तिथे, चिकटपट्टीसारखं लावलं होतं.

लेकीला सांगा, पत्र लिहून झालं की ते हातात देऊ नकोस, पेटीत टाक. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं, आंतरदेशीय अडीच रुपयांत, पाकीट पाच रुपयांत. जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, घेऊन जा तिला. काउंटरवर स्वतः मागू दे, स्वतः पत्ता लिहू दे, पिनकोडचे सहा आकडे सहा चौकोनांत. टाचा उंच करून पेटीत टाकताना मूल एकदा पत्राकडे बघतं, सगळी बघतात. आता हे परत घेता येणार नाही, हे त्याला तिथे कळतं.

मायन्याचं म्हणाल तर नातवाने मला विचारलं होतं, "आजोबा, सांताला ती. लिहायचं की चि.?" मी म्हटलं, दाढी पांढरी आहे म्हणजे तीर्थरूप. त्याने लिहिलं, 'तीर्थरूप सांताआजोबांस शिरसाष्टांग नमस्कार.' मला ते फार आवडलं. डिअरपेक्षा त्यात वाकणं आहे.

पंचवटीकर

तीर्थरूप सांताआजोबांस!! आता सांताबद्दल माझी काहीच तक्रार उरली नाही.

जुनं_नाशिक

शरणपूर आणि पत्र, दोन्ही एकत्र आले म्हणून थोडं अवांतर. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपूर भागातल्या ख्रिस्ती मिशनमध्ये राहून शिकली, हे इथल्या अनेकांना माहीत नसतं. त्यांतला एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या ताफ्यात गेला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा सोबत्यांनी त्यांचा देह वाळवून, गुंडाळून समुद्रकिनाऱ्याकडे न्यायला काढला, काही महिन्यांची पायपीट. वाटेत पुढे इंग्रजांची एक तुकडी असल्याचं कळलं, तेव्हा बातमी कळवणारं पत्र लिहिलं ते या जेकबने. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दफन झालं तेव्हा तो तिथे हजर होता.

ते पत्र मागणीचंही आहे. आमची काही माणसं मेली, आम्ही उपाशी आहोत, शिपायांसाठी अन्न विकत घ्यायला कापड पाठवा. तिकडे तेव्हा कापड हेच चलन होतं. मग एक प्रश्न : गावात शिरताना बंदुकांचे बार काढायचे की नाही? काढायचे असतील तर बंदुकीची दारूही पाठवा. संपलं पत्र. काय झालं, काय हवं, कशासाठी हवं. नाशिकला अक्षरं गिरवलेल्या पोराने लिहिलेलं. मुलांना हे सांगून बघा, डोळे मोठे होतात.

शरणपूरकर

लहानपणी वडील हे सांगायचे. पण बंदुकांच्या बारांचं माहीत नव्हतं. आज घरी वाचून दाखवतो.

कडुलिंब

थोडं अवघड विचारते. मागच्या मार्चमध्ये सासरे गेले. मुलगा सात वर्षांचा आहे. त्याने पत्रात एकच मागणी लिहिलीय, 'आबांना चार दिवस परत पाठव, सुट्टीपुरतं.' यावर काय करायचं? फाडायचं नाही, बदलायचं नाही, पण २५ तारखेला सकाळी तो बघणार आहे.

निफाडची_मास्तरीण

आधी सांगून टाका. २५ च्या सकाळी त्याला कळू देऊ नका, आज कळू द्या. सांता वस्तू आणतो, गेलेलं माणूस कोणीच आणू शकत नाही, हे सरळ शब्दांत. 'आबा झोपलेत', 'लांब गावाला गेलेत' असलं काही नको, मग मुलं झोपायला घाबरतात किंवा गावाच्या रस्त्याकडे डोळे लावून बसतात. मग विचारा, आबा चार दिवस आले असते तर त्या चार दिवसांत काय काय केलं असतं? ते लिहून घ्या. त्यातलं एखादं तरी तुम्हाला करता येण्यासारखं निघेल.

कडुलिंब

विचारलं. रात्री अंथरुणात. पहिला दिवस : आबांबरोबर रविवार कारंज्यावरून चालत गंगेवर जायचं, वाटेत त्यांनी कुठेही थांबून कोणाशीही गप्पा मारल्या तरी 'चला ना' म्हणायचं नाही. दुसरा दिवस : तेच. तिसरा दिवस : तेच, पण भेळ.

रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत. भेळवाले आबांना ओळखायचे.

प्रेसवाले_आजोबा

बेटा, भेळवाल्याला नातू आहे म्हणून सांग. त्याला चार गोष्टी आठवतील, त्या पोराला ऐकू दे.

अंबड_ते_आयटी

मी तीनचा नियम बंद करतोय. काल मोठ्याला 'मिळाल्यावर काय करशील' विचारलं. क्रिकेटची किट मिळाल्यावर पहिल्यांदा सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाला बोलिंग टाकायला बोलावणार, कारण तो जोरात टाकतो आणि हेल्मेटशिवाय भीती वाटते. आता मागणी फक्त हेल्मेटची झाली आहे. खिशालाही बरं पडलं.

कॉलेजरोडची_आई

शुक्रवार झाला. सविस्तर सांगते.

वर्गशिक्षिका फार समजूतदार निघाल्या. त्या म्हणाल्या, बोर्डावर काय लागेल याचा विचार केला, मुलं काय लिहितील याचा राहूनच गेला. यंदा पाकिटंच लावली आहेत, प्रत्येकावर मुलांनी काढलेलं तिकीट. आमच्या पाकिटावरच्या तिकिटात पांडवलेणी आहेत आणि वर बसलेला सांता.

पत्र तिने दोन दिवस लिहिलं. मी शेजारी पालक निवडत बसले होते, एवढीच माझी मदत. एकदा तिने विचारलं, "सॉरी सांताला म्हणायचं की तिला?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" बराच वेळ पेन्सिल चावली. मग दोन कागद घेतले. एक सांताला, एक पोस्टकार्ड मैत्रिणीला. काल जीपीओत जाऊन ते टाकून आलो. आजोबा, तिनेही पेटीत टाकताना एकदा बघितलं.

सांताचं पत्र तिच्या परवानगीने देते. पोस्टकार्डाला नाही म्हणाली.

'तीर्थरूप सांता आजोबा, नमस्कार. मागच्या वर्षी तू दिलेले स्केटस मला लहान झाले पण मी ते शेजारच्या बाळाला ठेवलेत. मला निळं स्लाइम पाहिजे. ते माझ्यासाठी नाही. तू ते मला दे, तिला डायरेक्ट देऊ नको. मला माझ्या हाताने द्यायचंय. झाकण घट्ट लावून आण. मग मला दुसरं काही नाही दिलं तरी चालेल पण चित्रकलेची वही दिली तर आवडेल. मी व्हॅनवाल्या काकांना खरं सांगणार आहे. सोमवारी सांगीन. तू थंडीत येशील तर आमच्याकडे चहा पी, आई करते. तुझी,' आणि नाव.

निफाडची_मास्तरीण

'झाकण घट्ट लावून आण.' ताई, हे पत्र जपून ठेवा.

रानजाई

चौदाच्या दोन झाल्या! आणि पंधरावा आकडा?

कॉलेजरोडची_आई

तो तिने स्वतःच खोडला. म्हणाली, "मला कोण ते माहीत नाही, मग सांताला कसं कळेल?"

पंचवटीकर

आणि 'लिफ्टने तिसरा मजला'?

कॉलेजरोडची_आई

ते आहे. पाकिटावर, पिनकोडच्या खाली. आता पुढे हेही आहे : 'लिफ्ट बंद असेल तर वॉचमन काकांना हाक मार.'